वावेचे शिल्प आणि वावेचे गीत

गुजराती भाषा जिला ‘वाव’ म्हणते, ती मराठी मुलखातील बारवेची थोरली बहीण होय. आडाला दोर लागतो. वावेला पावले पुरतात. उत्तर गुजरात व सौराष्ट्र या भागांत पाऊस मोजक्या महिन्यांचा, आणि भूगर्भातील पाणी पावसाळ्यानंतर उतरत उतरत ज्येष्ठापर्यंत फार खोल जाणारे. म्हणून जमिनीपासून तळाच्या कूपापर्यंत पायऱ्यांचा दीर्घ मार्ग खणावयाचा, दोन्ही बाजूंची माती ढासळू नये यासाठी मध्ये स्तंभ आणि तुळया यांचे मजले रचावयाचे, आणि उतरत्या पाण्याच्या मागोमाग माणसाने उतरावयाचे, अशी ही योजना. ‘अपराजितपृच्छा’ या मध्ययुगीन वास्तुग्रंथात प्रवेशमुखांच्या संख्येवरून वापीचे नंदा, भद्रा, जया व विजया असे चार प्रकार सांगितले आहेत. गरजेतून जन्मलेल्या रचनेला शास्त्र मिळाले, आणि शास्त्राच्या आधाराने कलेला भिंती मिळाल्या.

या कलेचा परमोत्कर्ष पाटण येथील ‘राणीनी वाव’ हा होय. सोळंकी राजा पहिला भीमदेव याची राणी उदयमती हिने ११व्या शतकात ती बांधविली. मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणि’ या १४व्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात तिच्या या कृतीचा उल्लेख येतो. सुमारे ६५ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २७ मीटर खोल अशा या वास्तूत ५००हून अधिक प्रमुख मूर्ती आहेत. विष्णूचे अवतार, पंचाग्निसाधन करणारी पार्वती, नागकन्या, अप्सरा आणि पाटणच्या पटोळ्याची वीण आठवावी अशा भौमितिक जाळ्या यांच्यामधून माणूस पायरीगणिक खाली जातो. आणि कूपाच्या भिंतीवर त्याला शेषशायी विष्णू भेटतो. मंदिरात देवाकडे जाताना सहसा वर चढावे लागते. येथे उतरावे लागते. जलावर निजलेला देव जलाशेजारीच कोरलेला असल्याने शिल्प आणि पाणी यांचा अर्थ परस्परांवाचून पुरा होत नाही.

पुढे सरस्वती नदीच्या पुराने वाव गाळाने भरली. १९व्या शतकाच्या आरंभी पाटणातच दुसरी वाव उभारताना हिचे काही दगड वापरले गेले असे सांगतात. त्याच गाळाने मात्र उरलेल्या मूर्तींचे रक्षण केले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०व्या शतकाच्या उत्तरार्धात उत्खनन करून ती उघडी केली, २०१४ मध्ये तिचा जागतिक वारशात समावेश झाला, आणि २०१८ मध्ये ती शंभर रुपयांच्या नव्या नोटेवर आली.

परंतु दगडाची भाषा ही बांधविणाऱ्याची भाषा असते. अहमदाबादजवळील अडालजच्या वावेतील संस्कृत शिलालेख विक्रम संवत १५५५चा, म्हणजे इ. स. १४९९च्या सुमाराचा. वाघेला सामंत वीरसिंह याची पत्नी रूडा हिने ही वाव बांधविल्याचे त्यात नोंदले आहे. लोककथा याहून पुढे जाते. पती रणात पडल्यावर सुलतान महमूद बेगडा याने राणीला मागणी घातली. तिने वाव पुरी होईपर्यंत अवधी मागितला आणि ती पूर्ण होताच त्याच पाण्यात देह टाकला, असे लोक सांगत आले. दानलेख पुण्य मोजतो. लोककथा किंमत मोजते. लोककथेला इतिहास मानता येणार नाही. तथापि एवढ्या थोर वास्तूसाठी कोणी तरी काही तरी गमावले असलेच पाहिजे, ही लोकमनाची खात्री तीत उमटली आहे, आणि ती खात्री इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नव्हे.

हीच खात्री वढवाणच्या माधावावेच्या गीतात अधिक उघडी होते. वाघेला राजा कर्ण याच्या माधव व केशव या मंत्र्यांशी या वावेचे नाव जोडले जाते. काळ १३व्या शतकाच्या अखेरचा. गीतात वाव खणून बारा वर्षे लोटली तरी पाणी लागत नाही. जोशी मुलाचा आणि सुनेचा बळी सांगतो. सून एकेक पायरी उतरते आणि पाणी एकेका पायरीने तिच्या अंगावर चढत जाते. स्थपतीने पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी रचलेली पायरी गीतकर्त्या स्त्रियांनी अशी उलट्या अर्थाने वापरली. मराठी वाचकाला येथे शीतलासप्तमीची कहाणी आठवावी. तेथेही तळ्याला पाणी लागत नाही आणि जलदेवता सुनेचा वडील मुलगा मागतात. पण व्रत आचरणाऱ्या आईला तिचे मूल पाण्यातून परत मिळते. व्रतकथेला फलश्रुती असते, म्हणून तिथे मूल परतते. माधावावेच्या गीताला फलश्रुती नाही; घरोघरी घागरीत भरले जाणारे पाणी हेच त्याचे फळ, आणि तोच त्याचा विषाद.

राणीचे नाव शिलालेखात राहिले, सुनेचे दुःख गीतात राहिले. खणणाऱ्यांची स्मृती भवाईने जपली. ‘जसमा ओडण’ ही विहिरीची नव्हे, पाटणच्या सहस्रलिंग तलावाची कथा. पण कुदळ तीच. माती खणणाऱ्या ओड जमातीतील जसमेवर सिद्धराज जयसिंहाची दृष्टी पडते, ती राजवैभव नाकारते, तिच्या पतीचा वध होतो, आणि सती जाताना ती तलाव कोरडा राहील असा शाप देते. शांता गांधी यांनी १९६०च्या दशकात हा वेश आधुनिक रंगभूमीवर आणला, तेव्हा श्रमिक स्त्रीचा राजसत्तेला नकार हा त्याचा आशय नव्या प्रेक्षकालाही परका वाटला नाही.

वावांचा लोकजीवनाशी असलेला संबंध तुटला त्याला एक कारण आरोग्याचे होते. पाण्यात पाय बुडवून घागर भरण्याच्या रीतीने नारूचा कृमी पसरे. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या निर्मूलन मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरींचा वापर बंद करणे, त्यांना कठडे घालणे आवश्यकच होते. १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण आढळला नाही आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. ज्या पायरीने पाणी दिले तिनेच रोगही दिला होता, हे सत्य वावेच्या गौरवगाथेत वगळता कामा नये. नळ आले, कूपनलिका आल्या, भूजल आणखी खाली गेले आणि पुष्कळ वावा कोरड्या पडल्या. अहमदाबादच्या असारवा भागातील माता भवानीच्या वावेसारख्या काही ठिकाणी देवीची पूजा तेवढी चालू राहिली.

आज चित्रकार, छायाचित्रकार वा नाटककार वावेकडे वळतो तेव्हा त्याला घाटदार स्तंभ आणि छायाप्रकाशाचे मजले सहज मोहवितात. नोटेवरील चित्रातही मूर्तिमंत भिंती आहेत, पाणी नाही. केवळ आकारावर थांबलेली कला दानलेखाचीच पुनरावृत्ती करते. स्थानिक इतिहासातून घडणाऱ्या कलेला राणीचा लेख, सुनेचे गीत आणि ओडणीचा शाप हे तिन्ही एकत्र ऐकावे लागतात; कारण वावेत उतरणाऱ्या बहुतेकांनी तिथे सौंदर्य पाहिले ते पाण्याच्या वाटेवर, डोक्यावर रिकामी घागर असताना.