ज्येची वाढ आणि कोटिज्येचा नियम



वसईच्या खाडीकांठीं भरती पाहणाऱ्यास हें ठाऊक असतें कीं, पाणी सर्व वेळ सारख्या वेगानें चढत नाहीं. आरंभीं मंद, मध्यें वेगानें, शेवटीं पुन्हां मंद. खलाशांचा ठोकताळा असा कीं, एकूण चढाचे बारा भाग केले तर सहा तासांत पाणी अनुक्रमें १, २, ३, ३, २, १ भागांनीं वाढतें. पूर्णांकांची ही माळ म्हणजे कोटिज्येच्या, अर्थात् कोसाइनच्या, चढउताराचें स्थूल रूप होय.

अशाच एका जुन्या माळेचा इतिहास आज सांगावयाचा आहे. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास त्रिज्या ३४३८ कला मानून वर्तुळपादाचे २४ भाग केले. प्रत्येक भाग २२५ कलांचा. त्यानें ज्या न देतां एका ज्येपासून पुढच्या ज्येपर्यंतची वाढ तेवढी दिली: २२५, २२४, २२२, २१९ असें उतरत शेवटीं ३७, २२, ७. ज्या वाढत जाते. तिची वाढ मात्र घटत जाते.

ही घट कोणत्या नियमानें? भास्कराचार्यांनीं शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्यें, सिद्धान्तशिरोमणींत तो नियम सांगितला: कोटिज्येस २२५ नें गुणून त्रिज्येनें भागावें, म्हणजे त्या ठिकाणची वाढ मिळते. ६० अंशांवर कोटिज्या १७१९. उत्तर येतें ११२॥. आतां आर्यभटाची माळ पाहा. ६० अंशांच्या अलीकडील वाढ ११९, पलीकडील १०६. दोहोंची सरासरी बरोबर ११२॥!

हा खटाटोप कशासाठीं? चंद्राची गति क्षणोक्षणीं पालटते. तिथीचा अंत अचूक काढावयाचा तर दिवसभराची सरासरी गति पुरत नाहीं, तात्कालिक गति लागते. एवढ्यावरून न्यूटन व लाइब्निट्स यांचें कलनशास्त्र आमच्याकडे आधींच पूर्ण झालें होतें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु ‘या क्षणीं वेग किती?’ हा प्रश्न येथें विचारला गेला व त्याचें उत्तरही दिलें गेलें, हें विसरणें तितकेंच अन्यायाचें.

चाळीसगांवजवळ पाटणें येथील शिलालेख सांगतो कीं, इ. स. १२०७ मध्यें भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. ग्रंथ लिहून झाला म्हणजे विद्या टिकली असें नव्हे. ती शिकविणारा व शिकणारा लागतो, हें त्या नातवानें ओळखलें होतें.