आभासी बाजारातले भाटकार

कॉम्प्युटर गेम म्हटले की आमच्या वयाच्या बऱ्याच जणांच्या कपाळाला आठी पडते. पोरांचा टाइमपास, डोळ्यांचे नुकसान, आणि त्यात यंदा दहावीचे वर्ष! पण इतिहास म्हणजे केवळ किल्ले, लढाया आणि तह असे थोडेच आहे? बाजारालाही इतिहास असतो. गेल्या वीस-बावीस वर्षांत गेमचा बाजार खोक्यातल्या सीडीवरून इंटरनेटवरच्या दुकानांत गेला आणि त्या दुकानांत मोठी चुरस लागली. या चुरशीत गिऱ्हाइकाला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, ते पाहण्यासारखे आहे.

सुरुवात अमेरिकेत झाली. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ साली 'व्हॉल्व्ह' ही कंपनी काढली. १९९८ सालचा त्यांचा 'हाफ-लाइफ' गाजला. त्याच्याच पायावर हौशी पोरांनी रचलेला 'काउंटर-स्ट्राइक' पुढे आपल्याकडच्या सायबर कॅफेंतही धुमाकूळ घालत असे. पण अशा गेममध्ये दुरुस्ती केली की ती लाखो खेळाडूंपर्यंत पोचवायची कशी, हा प्रश्न होता. एकाकडे नवी आवृत्ती, दुसऱ्याकडे जुनी, मग खेळ जमणार कसा? यावर उपाय म्हणून १२ सप्टेंबर २००३ रोजी 'स्टीम' सुरू झाले. म्हणजे आजचे हे अजस्र दुकान मुळात दुकान नव्हतेच, ती एक दुरुस्तीची सोय होती.

लोकांना ती मुळीच आवडली नाही. २००४ साली जुनी व्यवस्था बंद झाली आणि काउंटर-स्ट्राइकवाल्यांना मुकाट्याने स्टीमवर यावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'हाफ-लाइफ २' आला. दुकानातून खोके विकत आणले तरी इंटरनेटवरून स्टीमची संमती घेतल्याशिवाय तो चालत नसे. ज्या काळी आपल्याकडे मोडेम कुंईं-खर्र करत जोडला जायचा आणि तेवढ्यात कोणाचा तरी फोन यायचा, त्या काळी ही अट म्हणजे छळच होता.

पण २००५ पासून स्टीमवर इतरांचेही गेम विकायला आले आणि चित्र पालटले. खोके नको, छपाई नको, वितरक नको. विक्रीतले साधारण ३० टक्के स्टीमने ठेवायचे, बाकीचे गेम करणाऱ्याचे. जुन्या दुकानदारीच्या मानाने हा सौदा गोड वाटला. न्यूएल यांनी २०११ साली एक मत मांडले होते, की चोरीच्या प्रतींचा प्रश्न किमतीपेक्षा सेवेचा जास्त आहे. म्हणजे चोरापेक्षा चांगली सोय दिली की लोक पैसे मोजतात. साध्या पिशवीतली कॉपी केलेली सीडी पाहिलेल्या आपल्या पिढीला हे लगेच पटावे. २०१५ साली स्टीम रुपयांत पैसे घेऊ लागले, तेव्हा आपल्याकडेही त्याचा प्रत्यय आला.

स्पर्धक आले नाहीत असे नाही. २००४ साली 'डायरेक्टटूड्राइव्ह' आले, २००८ साली 'इम्पल्स' आले. खुद्द मायक्रोसॉफ्टने दुकान मांडले आणि २०१३ साली ते आवरले. 'ईए' या बड्या कंपनीने २०११ साली 'ओरिजिन' काढून आपले नवे गेम स्टीमवर द्यायचे थांबवले. २०१९ साली हीच ईए स्टीमवर परत आली.

असे का झाले? कचेरीत काम करणाऱ्याला हे चटकन कळते. फाइली वर्षानुवर्षे एका कपाटात लागल्या, की शेजारी कितीही चकचकीत नवे कपाट आणून ठेवा, माणूस पहिल्यांदा हात घालतो तो जुन्याच कपाटाला. खेळाडूचे विकत घेतलेले सगळे गेम स्टीमवर, मित्रांची यादी स्टीमवर. हे कपाट उचलून दुसऱ्या दुकानात नेता येत नाही. स्टीमचा खरा तट तो आहे.

तरी चुरशीने काही बरे घडलेच. आवडला नाही तर गेम परत घेण्याची हमी ओरिजिनने २०१३ साली आपल्या गेमपुरती दिली. २०१४ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने परताव्याच्या प्रश्नावर व्हॉल्व्हला कोर्टात खेचले. २०१५ साली स्टीमनेही नियम केला, की १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येईल. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियन कोर्टाने ३० लाख डॉलरचा दंड ठोठावला तो ठोठावलाच.

सर्वांत मोठी लढाई २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली. 'फोर्टनाइट'वर गडगंज झालेल्या टिम स्वीनी यांच्या 'एपिक'ने दुकान काढले आणि सांगितले, आम्ही फक्त १२ टक्के घेऊ. त्याच्या काही दिवस आधीच स्टीमने आपला हिस्सा कमी केला होता, पण तो एक कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर. म्हणजे सवलत मोठ्यांना, लहानांना तेच ३० टक्के! एपिक गेम फुकट वाटू लागले. पहिल्या नऊ महिन्यांत या दानधर्मावर सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर गेल्याचे पुढे ॲपलबरोबरच्या खटल्यातल्या कागदांतून २०२१ साली उघड झाले. शिवाय काही गेम ठरावीक काळ आपल्याकडेच ठेवण्यासाठी एपिकने निर्मात्यांना आगाऊ पैसे मोजले, त्याचा मात्र खेळाडूंना राग आला. लोक फुकटचे गेम घ्यायला एपिककडे जात आणि विकतचे घ्यायला स्टीमकडे परतत, असेच म्हणावे लागेल. मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी ४ कोटींहून अधिक लोक हजर होते.

या गोंगाटात एका लहान दुकानाकडे सहसा लक्ष जात नाही. पोलंडमध्ये मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की या तरुणांनी १९९४ साली 'सीडी प्रोजेक्ट' काढली. तिथला बाजार तेव्हा चोरीच्या प्रतींनी भरलेला. १९९९ साली त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा गेम पोलिश भाषेत, नामवंत नटांच्या आवाजात आणला. खोक्यात नकाशा आणि संगीताची सीडीही दिली. चोर देऊ शकणार नाही ते आपण द्यायचे, ही रीत. त्याच रीतीने २००८ साली 'गॉग' हे दुकान निघाले. तिथे घेतलेल्या गेमला कुलूप नाही. फाइल उतरवून घ्या, घरी जपून ठेवा, दुकान उद्या बंद पडले तरी ती तुमची.

हे महत्त्वाचे का, ते २०२४ साली कळले. 'युबिसॉफ्ट'ने २०१४ चा 'द क्रू' हा गेम ३१ मार्चला बंद केला. पैसे मोजून घेतलेला गेम, पण सर्व्हर गेला आणि खेळ संपला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचीही तीच गत. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला, की नुसता परवाना विकत असाल तर 'खरेदी' हा शब्द वापरताना तसे स्पष्ट सांगा. तो अमलात येण्याआधीच स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर सूचना लावली, की तुम्हाला मिळतो आहे तो परवाना.

आपल्या गोंयकारांना हे समजावून सांगायला नको. घर आपले, जमीन भाटकाराची, हे मुंडकाराचे जिणे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. पण मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले, घराची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. या आभासी वाड्यावरच्या मुंडकाराला कॅलिफोर्नियाच्या कायद्याने एवढेच दिले, की तू मुंडकार आहेस हे तुला आधी सांगितले जाईल.

भाटकार एकाचे चार झाले म्हणून मुंडकार मालक होत नाही. सवलती मिळाल्या, परतावा मिळाला, फुकटचे गेमही मिळाले. हे सगळे दुकानांच्या भांडणातून आणि थोडे कोर्टाच्या धाकातून आले. मालकीचा प्रश्न मात्र गॉगसारखा एखादा अपवाद सोडला तर कोणीच भांडणाचा विषय केला नाही. आणि आज जे गेमचे, तेच आपल्या गाण्यांचे, सिनेमांचे आणि ई-पुस्तकांचेही आहे. तेव्हा पोराने पुढच्या वेळी गेमसाठी पैसे मागितले तर रागावण्याआधी त्याला एवढेच विचारावे, बाबा रे, हा तू विकत घेतोस की भाड्याने?