पॉइझन आयव्हीचा चीक आणि संसर्गाची भीति

बिब्बा अंगावर उतला म्हणजे काय यातना होतात, हें महाराष्ट्रांतील वडील मंडळींना निराळें सांगावयास नको. याच बिब्ब्याच्या कुळांतील एक वेल उत्तर अमेरिकेंतील रानांत माजते. तिला तिकडे पॉइझन आयव्ही म्हणतात. तिच्या एका देठास तीन पानें असतात. आणि तिचा चीक लागला कीं कातडी लाल होते, विलक्षण खाज सुटते व पाण्यानें भरलेले फोड येतात. हे फोड एका माणसापासून दुसऱ्यास होतात काय, हा प्रश्न त्या देशांत आजही घरोघर विचारला जातो.

कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रज दर्यावर्दीनें १६२४ सालच्या आपल्या ग्रंथांत या वनस्पतीचें वर्णन केलें आहे. लाली, खाज व शेवटीं फोड हा क्रम त्यानें अचूक नोंदला, आणि कांहीं काळानें हे फोड आपोआप बरे होतात असेंही लिहिलें. तथापि त्यांचें कारण कळावयास जवळजवळ तीनशें वर्षें जावीं लागलीं. त्याचा धागा हातीं लागला तो जपानांत. तेथील लाकडी भांड्यांवरचें सुप्रसिद्ध तुकतुकीत रोगण उरुशी नांवाच्या झाडाच्या चिकाचें असतें, आणि तें हाताळणाऱ्या नवख्या कारागिरांस असेच फोड येतात. रिको माजिमा या रसायनशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत या चिकांतील दाहक तेलाची रचना उकलली. त्यास उरुशिओल म्हणतात. पॉइझन आयव्हींतील तेल त्याच जातीचें, आणि बिब्ब्याचें तेलही त्याचेंच सगोत्र.

यावरून मूळ प्रश्नाचें उत्तर मिळतें. फोडांतील पाणी रोग्याच्या स्वतःच्या रक्तांतून पाझरलेलें असतें. त्यांत तें तेल नसतें. म्हणून तें लागल्यानें दुसऱ्यास बाधा होत नाहीं. मग पुरळ दिवसेंदिवस पसरल्यासारखें कां दिसतें? जेथें तेल अधिक लागलें व कातडी पातळ असली, तेथें फोड आधीं उठतात, इतरत्र मागाहून. पाहणारास वाटतें, रोग चाल करून येत आहे. मात्र न धुतलेले हात, कपडे, अवजारें किंवा कुत्र्याचे केस यांवर तेल राहिलें असेल, तर तें दुसऱ्याच्या अंगास लागून बाधा करतें.

हिंदुस्थानांतही असाच एक घोटाळा उलगडला. येथील इंग्रज लोक जांघेंतील गजकर्णास ‘धोबी इच’ म्हणत व त्याचा ठपका परटावर ठेवीत. गजकर्ण खरोखरच एकापासून दुसऱ्यास होतें. परंतु दुसऱ्या महायुद्धांत येथें आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर जें पुरळ उठूं लागलें, तें निराळें होतें. लिव्हिंगूड, रॉजर्स व फिट्झ-ह्यू या डॉक्टरांनीं १९४३ सालीं त्याचें कारण प्रसिद्ध केलें. परटानें कपड्यावर बिब्ब्याच्या रसानें घातलेली खूण जेथें अंगास लागे, तेथें पुरळ उठे. शेजारच्या खाटेवरील सैनिकाचा त्यांत कांहीं संबंध नव्हता.

हा भेद घरींही उपयोगी पडतो. गजकर्ण झालेल्या माणसाचा पंचा निराळा ठेवणें योग्यच. पण बिब्बा उतलेल्या मुलास भावंडांपासून दूर बसविणें व्यर्थ होय. त्याचे हात साबणानें स्वच्छ धुवावे, अंगावरील कपडे वेगळे धुवावे, आणि मग त्याच्या उशाशीं निःशंकपणें बसावें.