अवसादरोधी औषधे व सेरोटोनीन ग्राही
अवसाद म्हणजे दीर्घकाळ टिकणारी विकारी खिन्नता. ती दूर करणाऱ्या औषधांच्या संशोधनाचा एक धागा मुंबईतून निघतो. तेथील हृद्‌रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी अतिरक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेची मुळी देऊन मिळालेले निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. बाझेल येथील सिबा कंपनीत १९५२ मध्ये या मुळीतून रेसरपीन वेगळे करण्यात आले. ते घेणारे काही रुग्ण अतिशय खिन्न होत. तसेच त्यामुळे प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनीनाचा साठा रिता होतो, असे १९५५ मध्ये दिसून आले. या दोहोंची सांगड घालून सेरोटोनिनाच्या न्यूनतेने अवसाद होतो, ही कल्पना रूढ झाली. रेसरपीन व खिन्नता यांचा संबंध मात्र तेव्हा मानला गेला तितका निश्चित नाही.

रोलांट कून यांनी १९५७ मध्ये इमिप्रामिनाचा अवसादरोधी गुण वर्णिला. पुढे मुंबईतील गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात नायट्रॉक्सॅझेपीन (सिंटामिल) हे त्याच वर्गातील औषध तयार झाले. अशी औषधे तंत्रिका कोशिकांकडून होणारे सेरोटोनिनाचे पुनर्ग्रहण काही तासांतच रोखतात. रुग्णाला उतार पडण्यास मात्र दोन-तीन आठवडे लागतात. याच काळात अनेक रुग्ण औषध निरुपयोगी समजून सोडतात आणि आत्महत्येचा धोकाही टळलेला नसतो.

या विलंबाचा शोध उंदरांमध्ये घेतला गेला. पोरसोल्ट यांच्या १९७७ मधील चाचणीत सुटकेचा मार्ग नसलेल्या पाण्यात सोडलेला उंदीर थोड्या वेळाने धडपड थांबवितो. औषध दिल्यास तो अधिक काळ धडपडतो. परंतु एका दिवसातील तीन मात्रांनीच हा परिणाम दिसत असल्याने विलंबाच्या प्रश्नाला ही चाचणी फारशी उपयोगी नाही. विल्नर यांची १९८७ मधील पद्धत त्या दृष्टीने सरस होय. ओले अंथरूण, कललेला पिंजरा, रात्रभर दिवा असे सौम्य ताण आठवडेच्या आठवडे दिल्यावर उंदरांची साखरपाण्याची आवड कमी होते. डेसिप्रामिनाने ती सावकाश परत येते.

ग्राही म्हणजे सेरोटोनीन ज्यांना जोडले जाऊन परिणाम घडविते ते कोशिकांवरील रेणू. पेरूट्का व स्नायडर यांना १९८० मध्ये असे आढळले की, ही औषधे दीर्घकाळ दिल्यास उंदरांच्या मेंदूतील दुसऱ्या प्रकारचे ग्राही घटतात. हेच उपचाराचे रहस्य असावे, असे वाटले. पण अवसादावर गुणकारी असलेल्या विद्युत् झटक्यांनी उंदरांमध्ये तेच ग्राही वाढतात. सेरोटोनीन स्रवणाऱ्या कोशिकांवर असणाऱ्या १ए ग्राहींचा पुरावा अधिक जुळणारा आहे. औषधाने सेरोटोनीन वाढताच हे ग्राही त्या कोशिकांच्या कार्यास लगाम घालतात. दोन-तीन आठवड्यांनी ते बोथट होतात व कोशिकांचे कार्य पूर्ववत होते.