निळा लागला की चाक फिरवा

नाकाला रुमाल लावू नका, इथं कुणीच लावत नाही. न्यूयॉर्कच्या या दक्षिण टोकाला, १८८२च्या शरदात, लिदीचा वास म्हणजेच हवा. त्यात फुल्टन बाजाराकडून मासळीचा दर्प येतो आणि डोक्यावरच्या लोखंडी पुलावरून धावणाऱ्या आगगाडीचा धूर मिसळतो. वर बघत उभे राहाल तर टोपीला भोक पडेल. इंजिनातून निखारे आणि गरम तेलाचे थेंब खाली टपकतात. शिवाय वर बघून दिसणार काय? तारायंत्राच्या तारांच्या गुंत्यातून उरलेलं चतकोर आभाळ! फेरीवाले ओरडतायत, दगडी रस्त्यावर लोखंडी धावांची चाकं खडखडतायत. आता आत चला. पर्ल स्ट्रीट, क्रमांक २५७: एडिसनचं वीजकेंद्र.

तळमजल्यावर बॉयलर आहेत. घाम फुटेल, आणि कोळशाची पूड त्यावर लगेच बसेल. तसेच जिन्यानं वर जा. इथं ‘जंबो’ बसलेत. याच वर्षी शहरात सर्कशीचा प्रचंड हत्ती आलाय, त्याच्यावरून पडलेलं नाव. वाफेचं इंजिन आणि डायनॅमो एकाच बैठकीवर, वजन सुमारे २७ टन. आवाज कानांपेक्षा दातांना आधी कळतो. तापलेल्या तेलाचा वास घशात उतरतो, तांब्याच्या ब्रशांशी निळसर ठिणग्या तडतडतात.

एक घामाघूम माणूस तुम्हाला बाहीला धरून भिंतीपाशी नेतो. तिथं एक हातचाक आणि दोन छोटे दिवे. त्याच्या कामाची शिकवणी एका वाक्यात संपते: “तांबडा लागला तर इकडे, निळा लागला तर तिकडे, आणि पोरा, डुलकी घ्यायची नाही.”

बस्स. व्होल्टचा आकडा दाखवणारा मीटर इथं नाही. विजेचा दाब ११० व्होल्टच्या वर सरकला की तांबडा, खाली घसरला की निळा. चाक फिरवलं की डायनॅमोच्या चुंबकांना मिळणाऱ्या प्रवाहाच्या वाटेत रोध वाढतो किंवा कमी होतो. रोध काढला की चुंबक जोरकस, दाब वर. रोध घातला की उलट.

सोपं वाटतंय? संध्याकाळ होऊ द्या. पलीकडच्या गल्ल्यांतल्या कचेऱ्यांत अंधारू लागतं आणि कारकून एकेक दिव्याची किल्ली फिरवू लागतात. प्रत्येक दिवा तांब्याच्या त्याच दोन दांड्यांच्या मध्ये जोडलेला आहे, म्हणजे प्रत्येक नवा दिवा प्रवाहाला आणखी एक वाट उघडून देतो. एकट्या दिव्याला एक अँपिअरही लागत नाही. पण एका जंबोवर असे बाराशे दिवे लागू शकतात आणि मग आकडा नऊशे अँपिअरच्या घरात जातो. प्रवाह चढला की दाब बसतो. निळा लागला! फिरवा. पुन्हा निळा. फिरवा. तेवढ्यात कुठली तरी मोठी कचेरी एकदम दिवे मालवते, तांबडा पेटतो आणि तुम्ही उलटं फिरवत सुटता. संध्याकाळी सगळे पंप एकदम सुरू झाल्यावर घरातली ट्यूब फडफडताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या माणसाची किंमत जास्त कळेल.

एवढी घाई कशाला, असं विचाराल. बाहेर चला, एखाद्या कचेरीत दिव्याखाली उभे राहा. काचेच्या फुग्यात जळकी बांबूची काडी आहे, केसाएवढी. दाब दहावा हिस्सा घटला की तिचा उजेड जवळपास निम्मा होतो. फार वाढला तर काडीचं आयुष्यच संपतं. मात्र खोलीत श्वास घेऊन बघा. गॅसबत्तीचा उग्र वास नाही, डोक्यावर भट्टी नाही. कारकुनानं कॉलरचं बटण लावूनच ठेवलंय, आणि मला वाटतं या कचेऱ्यांत खरी जिंकलेली गोष्ट उजेड नव्हे, हा गारवा आहे.

हा दिवा केंद्रापासून बराच लांब आहे. वीज इथवर रस्त्याखालच्या लोखंडी नळ्यांतून येते. आत तांब्याच्या दोन अर्धगोल दांड्या, त्यांच्याभोवती ओतलेलं डांबरी मिश्रण. पण तांबं फुकट वाट देत नाही, जकात घेतं: वाट लांब तर जास्त, प्रवाह मोठा तर जास्त, आणि वसुली व्होल्टमध्ये. केंद्राजवळच्या दुकानदाराला झगझगाट आणि टोकाच्याला मिणमिण, असं होऊ नये म्हणून एडिसननं युक्ती केली. जाड फीडर थेट वस्तीच्या मध्यावर न्यायचे, वाटेत त्यांच्यावर एकही दिवा लावायचा नाही. दिव्यांच्या तारा तिथून पुढे फोडायच्या. घट होतेच, पण ती सगळ्यांच्या आधीच होऊन जाते, आणि केंद्रातला चाकवाला तेवढा दाब वाढवून ठेवतो. तांब्याचा खर्चही आठव्या हिश्श्याच्या आसपास आला. इतकं साधं, की आधी कुणाला का सुचलं नाही याचाच राग यावा.

अरेच्चा, ही गर्दी कसली? ॲन आणि नॅसॉ रस्त्यांच्या कोपऱ्यावर माणसांची भिंत उभी आहे. खांद्यांमधून डोकं घाला. रस्त्याखालच्या जोडपेटीतून वीज गळतेय, आणि खाली तळघरं असल्यानं ओलसर मातीचा वरचा थर जमिनीपासून तुटलेला आहे. तुम्ही त्यावर उभे आहात आणि तुम्हाला काही जाणवत नाही. दाब एका जागेचा नसतो, दोन जागांमधला असतो; तुमची पावलं जवळजवळ, तळवे कोरड्या चामड्यात. घोड्याच्या पुढच्या-मागच्या टापांत चांगलं चार-पाच फुटांचं अंतर, आणि पायाला लोखंडी नाल.

एक भंगारवाला हाडकुळं तट्टू हाकत येतो. टवाळ पोरं त्याला सांगतात, “त्या बाजूनं जा!” बिचारा जातो. तट्टू सरळ दोन पायांवर उभं राहतं, पुन्हा उसळतं आणि गाडीसकट पळत सुटतं. गर्दी किंचाळते, पोलीसही किंचाळतो. एडिसननं हा किस्सा स्वतः सांगितलाय. वीज बंद करून गळती बुजवली, तरी प्रकरण मिटलं नाही: दुसऱ्या दिवशी एक जण त्याच्याकडे आला आणि म्हणाला, घोडे विकतात तिथं मला असंच यंत्र बसवून द्या, म्हातारी तट्टंसुद्धा गिऱ्हाइकापुढे जातिवंतासारखी नाचतील.