कैरोची गेनिझा : कोणी न फेकलेल्या कागदांचा इतिहास

१/ राजांचा इतिहास शिलालेखांत आणि बखरींत सापडतो. सामान्य माणसाचा इतिहास रद्दीत जातो. मात्र मध्ययुगीन कैरोतील एका ज्यू वस्तीची रद्दी टिकली आणि आज ती केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. हा धागा तिच्याविषयी. 🧵

२/ ज्यू परंपरेत ईश्वराचे नाव असलेला मजकूर नष्ट करणे निषिद्ध आहे. आपल्याकडे जीर्ण पोथीचे नदीत विसर्जन करीत. ज्यू समाज जीर्ण ग्रंथ एका बंद जागी साठवी आणि पुढे त्यांचे दफन करी. त्या साठवणीच्या जागेला 'गेनिझा' म्हणतात.

३/ फुस्तात, म्हणजे जुन्या कैरोतील बेन एझ्रा सिनेगॉगची गेनिझा मात्र शतकानुशतके भरतच राहिली. भिंतीत उंचावर एक भोक होते. शिडीवर चढून कागद त्यातून आत टाकले जात. इजिप्तच्या कोरड्या हवेमुळे ते कुजले नाहीत.

४/ धर्मग्रंथांसोबत हिशेब, विवाहकरार, घटस्फोटपत्रे, व्यापारी पत्रे आणि मुलांनी गिरवलेली मुळाक्षरेही तेथे पोहोचली. पुष्कळ पत्रांची भाषा अरबी, पण लिपी हिब्रू. त्या लिपीविषयीच्या आदरानेच व्यवहाराच्या कागदालाही अभय मिळाले असावे.

५/ १८९६ मध्ये अ‍ॅग्नेस स्मिथ लुईस आणि मार्गारेट डनलॉप गिब्सन या जुळ्या विदुषींनी प्रवासातून आणलेली काही पाने केंब्रिजचे अध्यापक सॉलोमन शेख्टर यांना दाखवली. त्यांतील एक 'बेन सिरा' या प्राचीन ग्रंथाच्या हिब्रू पाठाचे निघाले. तो पाठ शेकडो वर्षे लुप्त होता.

६/ त्याच वर्षअखेरीस शेख्टर कैरोस गेले. खर्चाचा भार सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख चार्ल्स टेलर यांनी उचलला. धुळीने भरलेल्या त्या खोलीतून निवडलेला संग्रह १८९८ मध्ये ग्रंथालयास अर्पण झाला. आज त्यात सुमारे १,९३,००० तुकडे मोजले जातात.

७/ आरंभी विद्वानांचे लक्ष धर्मग्रंथांवर होते. क्षुल्लक वाटलेले हजारो तुकडे पेट्यांतच पडून राहिले आणि १९५० च्या दशकात पुन्हा उजेडात आले. १९७४ मध्ये स्टीफन राईफ यांच्या पुढाकाराने ग्रंथालयात स्वतंत्र संशोधन विभाग उभा राहिला.

८/ व्यवहाराच्या कागदांचे मोल एस. डी. गॉइटाइन यांनी जगाला दाखवले. त्यांच्याच आधारे त्यांनी 'अ मेडिटरेनियन सोसायटी' हा बहुखंडी ग्रंथ सिद्ध केला. पहिला खंड १९६७ चा. बाजार, कुटुंब, शिक्षण, दानधर्म असे एका समाजाचे सारे जीवन त्यात उभे राहिले.

९/ या कागदांत भारतही आहे. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू हा उत्तर आफ्रिकेतील ज्यू व्यापारी मंगळूरला अनेक वर्षे राहिला. एडनहून त्याचे व्यापारी मित्र त्याला इतर भेटींसोबत कोरे कागदही पाठवीत, कारण मलबार किनाऱ्यावर कागद दुर्मीळ होता.

१०/ सुमारे ११७० मधील एक पत्र तांबड्या समुद्रावरील आयधाब बंदरातून लिहिलेले आहे. लिहिणारा डेव्हिड, ज्याला लिहिले तो त्याचा थोरला भाऊ मोशे, म्हणजेच थोर धर्मशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ मायमोनिडीस.

११/ वाळवंट ओलांडताना तांडा सोडून जाण्याचे अविचारी धाडस आपण केले, तरी सुखरूप पोहोचलो, असे डेव्हिड कळवतो. बंदरात निळीखेरीज घेण्याजोगे काही मिळाले नाही, म्हणून समुद्रमार्गे पुढे हिंदुस्थानला निघतो आहे. घरच्या स्त्रियांना धीर द्यावा, अशी त्याची विनवणी आहे.

१२/ डेव्हिड पुढे हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर दोघा भावांचा आणि इतरांचाही पैसा गेला. मागे विधवा आणि लहान मुलगी राहिली. मायमोनिडीस वर्षभर अंथरुणाला खिळले. भावाचे हस्ताक्षर दिसले की काळीज पिळवटते, असे त्यांनी अनेक वर्षांनी एका पत्रात लिहिले.

१३/ आयधाबच्या पत्रातले हस्ताक्षर तेच. ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात ते आज कोणालाही पाहता येते. काय जपावे हे त्या काळी कोणी निवडून ठरवले असते, तर धर्मग्रंथ उरले असते. हे पत्र बहुधा उरले नसते.

(समाप्त)
#इतिहास #हस्तलिखिते