पाय न मोडणारी लिपि

शके ८२२, वैशाख, कृष्ण पक्षांतील चतुर्थी, वार सोमवार. ही मिति कोंकणच्या एखाद्या शिलाहार ताम्रपटावर शोभावी; परंतु ती आहे फिलिपाइन्सच्या लुझोन बेटावर, लागूना प्रांतांत १९८९ सालीं हातीं आलेल्या ताम्रपटावरची. इ. स. ९०० मधील हा लेख आंतोन पोस्तमा या डच मिशनऱ्यांनीं वाचला. एका घराण्याचें सोन्याचें कर्ज फिटल्याचा तो दाखला आहे. भाषा जुनी मलय, तींत संस्कृत शब्दांची पेरणी, आणि लिपि जावाकडची कावी.

पुढें सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं मनिलांत ठाणें दिलें, त्या वेळीं तेथील तागालोग लोकांत निराळीच लिपि रूढ होती. मात्र तीहि ब्राह्मीच्याच कुळांतली. तिचें नांव बायबायिन. तींत तीन स्वर आणि चौदा व्यंजनें. व्यंजनांत आपल्याप्रमाणेंच ‘अ’ अंगभूत. वर टिंब दिलें कीं ‘इ’ किंवा ‘ए’, खालीं दिलें कीं ‘उ’ किंवा ‘ओ’. आपली बाराखडी, तर त्यांची तीनखडीच म्हणावयाची! पेद्रो चिरिनो या जेझुइट पाद्र्यानें १६०४ सालीं लिहून ठेविलें आहे कीं, लिहितां-वाचतां न येणारा पुरुष, किंबहुना स्त्रीहि, तेथें क्वचितच आढळे.

परंतु या लिपींत अक्षराचा पाय मोडण्याची सोय नव्हती. डोंगराला तागालोग भाषेंत ‘बुन्दोक’ म्हणतात. लिहावयाचें मात्र ‘बुदो’. गाळलेले ‘न्’ आणि ‘क्’ वाचणाऱ्यानें संदर्भावरून भरून घ्यावयाचे. घरच्या माणसाला तें सहज साधे; परक्या पाद्र्याची मात्र तारांबळ उडे. १५९३ सालीं मनिलांत छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत ही लिपि जशीच्या तशी ठेविली होती. १६२० सालीं फ्रान्सिस्को लोपेस यानें इलोकानो भाषेंतील अशाच एका पुस्तकासाठीं अक्षराखालीं बारीकसा क्रूस काढून पाय मोडण्याची युक्ति योजिली. तागालोगांनीं ती स्वीकारली नाहीं. पेद्रो आन्द्रेस दे कास्त्रो १७७६ सालीं नमूद करतो कीं, जाणत्यांनीं आभार मानून ही खूण नाकारली. ती आपल्या लेखनाच्या प्रकृतीला मानवत नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें.

स्पॅनिशांनीं ही लिपि जाळून नाहींशी केली, असें पुष्कळदां सांगितलें जातें. तें खरें दिसत नाहीं. पाद्र्यांनीं स्वतःच तींत पुस्तकें छापिलीं; मनिलाच्या सान्तो तोमास विद्यापीठाच्या संग्रहांत याच लिपींतील १६१३ व १६२५ सालचीं जमिनीचीं खतें आहेत. कचेरीचें व चर्चचें काम लॅटिन अक्षरांत चालूं लागलें, आणि जिच्यावांचून अडत नाहीं ती लिपि हळूहळू मागें पडली. १९४० मध्यें लोपे के. सान्तोस यांच्या व्याकरणानें राष्ट्रभाषेला वीस अक्षरांची वर्णमाला दिली, तीहि लॅटिनच. मिंदोरो बेटावरील हानुनुओ लोकांनीं मात्र बायबायिनच्या बहिणीसारखी आपली लिपि, बांबूवर सुरीनें कोरीत, टिकविली. त्यांना १९७२ सालीं पाय मोडण्याची खूण सुचविली, ती त्याच पोस्तमा यांनीं. तिला ‘पामुदपोद’ म्हणतात.

बायबायिनचा जुना वाद पुन्हां उठला तो संगणकाच्या कळफलकावर. २००२ सालीं युनिकोडनें या लिपीला जागा दिली, तेव्हां एकदां नाकारलेल्या त्या क्रूसालाहि क्रमांक मिळाला. २०२१ सालीं पामुदपोदहि तागालोगच्या यादींत आला. लिनक्स प्रणालींतील बायबायिनचे कळफलक लॅटिन मांडणीवरच बसविलेले आहेत. व्यंजनाची कळ दाबावी, मग टिंबाची. जुन्या रीतीनें ‘बुदो’ लिहावयास चार वेळां कळ दाबली कीं पुरे. पाय मोडून ‘बुन्दोक’ लिहावयाचें तर आठ वेळां. कष्ट थोडे, पण शाळेंत लॅटिन अक्षरेंच शिकलेल्या आजच्या वाचकाची गाळलेलें व्यंजन भरून घेण्याची संवय गेलेली आहे. त्याची सोय पाहावी कीं जुन्या खतांशीं इमान राखावें, हें लिहिणाऱ्याला शब्दागणिक ठरवावें लागतें.

२०१० मध्यें निघालेल्या फिलिपाइन्सच्या नोटा उजेडांत धरल्या असतां बायबायिनमधील ‘पिलिपिनो’ हा शब्द जुळून दिसतो. चार अक्षरें, चार टिंबें. पाय मोडावा असें व्यंजन त्यांत एकहि नाहीं.